सदुसष्ट कोटी आणि एक फ्रेमवाला

२०२५च्या सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र दिल्लीत, सॅफ्रनआर्टच्या लिलावात, ६७ कोटी ८ लाखांना गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन टुणटुणायला लागला. ज्यांनी आयुष्यात गायतोंडेंचं एकही चित्र भिंतीवर लागलेलं पाहिलेलं नाही अशांचे अभिनंदनाचे संदेश. अभिनंदन नेमकं कुणाचं, हे कुणी सांगेना. गायतोंडे २००१ सालीच गेले. विकणारा कुणी, घेणारा कुणी, मधला वाटा लिलाववाल्यांचा. पण गिरगावातल्या चाळीत वाढलेला, जेजेत शिकलेला माणूस म्हणजे आपला, आणि आपल्याच्या नावापुढे कोटी लागले की आपण फुगतो. चित्र कसं आहे याबद्दल त्या पंचवीस-तीस संदेशांत एक अक्षर नव्हतं. एकानं तर चित्राचा फोटो उलटा पाठवला होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये ११८ कोटींच्या घरात गेली, एप्रिलमध्ये तय्यब मेहतांचा बांधलेला बैल ६१ कोटी ८० लाखांना. आजचं आपलं कलेविषयीचं लेखन म्हणजे या आकड्यांचा उतारा. जुना उच्चांक किती, नवा किती, फरक किती. चित्रकलेच्या पानावर शेअर बाजाराचं पान येऊन बसलंय आणि तिथून उठायचं नाव घेत नाही.

म्हणून मला एका दुकानदाराबद्दल लिहायचंय.

केकू गांधी हे नाव मुंबईच्या चित्रकलेत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ‘केमोल्ड’ हा शब्दही ठाऊक आहे. पण हा शब्द आला कुठून हे विचारा, बहुतेक जण गप्प बसतात. केमिकल मोल्डिंग. म्हणजे फ्रेमच्या पट्ट्या. १९२० साली जन्मलेला हा पारशी मुलगा केंब्रिजला शिकत होता, सुटीत घरी आला आणि १९३९चं युद्ध सुरू झालं, परतीची वाट बंद. रॉजर व्हान डॅम नावाच्या एका बेल्जियन माणसाशी गाठ पडली आणि त्यातून १९४१ साली फ्रेमांचा धंदा उभा राहिला. आधुनिक भारतीय चित्रकलेचा हा मोठा पुरस्कर्ता चित्रकलेत शिरला तो असा, चौकटीकडून.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. फ्रेमवाल्याचा हात ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चार पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापायच्या, कोपरे जुळवायचे, मागून खिळे, वर काच. माझ्या ओळखीचे एक म्हातारे फ्रेमवाले होते. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली तरी पट्टी बाजूला टाकायचे. म्हणायचे, फट राहिली की गिऱ्हाईक चित्र बघतच नाही, फट बघतं. शिवाय फ्रेमवाल्याला चित्र समोर घेऊन तासभर बसावं लागतं. त्याची लांबी-रुंदी मोजावी लागते, रंगाशेजारी लाकूड धरून बघावं लागतं. इतका वेळ चित्राकडे समीक्षकसुद्धा बघत नाही. लिलावाचा कॅटलॉग चाळणारा तर नाहीच.

या फ्रेमांच्या दुकानात रिकाम्या फ्रेमा टांगण्याऐवजी केकूंनी आरांसारख्या चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली. लांगहामर, फॉन लायडन, श्लेसिंजर ही हिटलरच्या युरोपातून मुंबईत आलेली मंडळी, प्रोग्रेसिव्हांचा तो गट, या सगळ्याची पारायणं झालेली आहेत, पुन्हा करत नाही. एवढंच सांगतो, की त्या कहाणीत शूर चित्रकार असतात, चतुर समीक्षक असतात, उदार संग्राहक असतात. फ्रेम करून देणारा, चित्र दुकानात लावणारा आणि गिऱ्हाइकाला दोनदा चहा पाजूनही ते न विकलं गेल्यावर चित्रकाराला तसं सांगणारा माणूस मात्र तळटीपेत असतो.

१९६३ साली केकू आणि खुर्शीद गांधींनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड काढली. त्याच साली फ्लोरा फाउंटनजवळ काली पंडोलांची गॅलरी निघाली. त्याआधी १९५९मध्ये बाळ छाबडांनी भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये प्रयत्न करून पाहिला होता. ही तारखांची रांग सोडा. माझं लक्ष त्या जिन्याकडे आहे. खाली, १९५२पासून उभ्या असलेल्या जहांगीरचे हॉल आठवड्याच्या भाड्यानं मिळायचे, आजही मिळतात. वर भाडं नव्हतं. वर कुणीतरी निवडायचं. चित्रकाराकडून पैसे घेण्याऐवजी त्याच्यावर पैसे लावायचे, विकलं तर वाटा घ्यायचा, नाही विकलं तर भिंत आपलीच. खाली भाडेकरू, वर गॅलरी, मध्ये पंधरा-वीस पायऱ्या. या पायऱ्यांचा अर्थ मराठी कलाजगताला साठ वर्षांत कळलेला नाही, आणि हा लेख खरं तर त्या वैतागातून आलाय.

वरचा रोजचा कारभार खुर्शीदबाई बघायच्या. केकूंच्या नावाचे सोहळे करताना हेही सोयीस्कर विसरलं जातं. केकू दिवसभर शहरभर फिरत असायचे. मुंबईला आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय हवं म्हणून त्यांनी सरकारी दारं किती वर्षं ठोठावली! कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते सुरू व्हायला १९९६ उजाडलं. पण भिंतीवर काय लागणार, कुणाचे पैसे आधी द्यायचे, हे बघायला कुणीतरी दुकानात बसलेलं लागतं.

आणि त्या भिंतीवर काय लागलं ते बघा. १९७५ साली तिथं जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या पाड्यावरचा हा वारली माणूस. भास्कर कुलकर्णी नावाच्या आपल्याच एका अवलियानं त्यांना शोधलं होतं. वारल्यांत चौक लिहायचा तो लग्नात, झोपडीच्या भिंतीवर, धवलेरी आणि सवाष्णींनी, तांदळाच्या पिठानं. पुरुषानं रोज चित्रं काढायची, तीही कागदावर, हे पाड्यालाच नवीन होतं. मग शहराला किती असेल? म्हशेंचं मासेमारीचं जाळं ज्यांनी पाहिलंय त्यांना ते विसरता येणार नाही. गेरू-शेणाच्या जमिनीवर पांढऱ्या बारीक रेघा, हजारो, एकमेकींत गुंतलेल्या. जवळ गेलात तर नुसती विणकामासारखी रेघ, दोन पावलं मागे आलात तर जाळं फुगतं, पाण्यात हलतं, आणि त्याच्या काठाशी काडीएवढी माणसं. हे चित्र ‘लोककला’ म्हणून एम्पोरियममध्ये ट्रेवर आणि कपाच्या बशीवर गेलं ते नंतर. त्याआधी केमोल्डनं ते एका चित्रकाराचं चित्र म्हणून, त्याच्या नावानिशी, हुसेन-तय्यब लागायचे त्याच भिंतीवर लावलं. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या शेजारी म्हशे लागले तेव्हा आपल्याकडे कौतुक झालं, २०११मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आणखी झालं. १९७५ साली ते करायला धाडस लागत होतं, आणि दुकानाचं भाडंही.

१९८८पासून गॅलरी केकू-खुर्शीदबाईंच्या मुलीकडे, शिरीन गांधींकडे आली. घराणं पुढे चाललं म्हणून मी खूश होत नाही, गॅलरीतही घराणेशाही असतेच. पण १९९२ साली नलिनी मलानी यांनी केमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्र काढलं, ‘सिटी ऑफ डिझायर्स’. नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं सडत चालली होती, त्यावरचा तो संताप. प्रदर्शन संपलं, भिंतींना पांढरा रंग मारला, चित्र गेलं. विकायला काही उरलंच नाही. आता मला सांगा, ज्याला आपण ‘दलाल’ म्हणतो तो आपल्या दुकानाची भिंत न विकता येणाऱ्या चित्रासाठी का देईल? लिलावाच्या कुठल्या कॅटलॉगात ही भिंत सापडेल? त्या भिंतीचा उच्चांक किती?

घाटकोपरच्या अतुल दोडियांचं पहिलं प्रदर्शन १९८९मध्ये इथलंच. पुढे त्यांनी दुकानाच्या पत्र्याच्या शटरवर चित्रं काढली. एक शटर मला अजून दिसतं. खाली ओढलं की रविवर्मा छापाची महालक्ष्मी, प्रसन्न, सुबत्तेची. वर सरकवलं की आत गळफास घेतलेल्या तीन मुली. हुंड्याचं इतकं कोरडं, इतकं बाजारी चित्र मराठीत कवितेतही क्वचित सापडतं. सगळी ताकद त्या खडखडाटात आहे. पण दिवाणखान्यात सोफ्यावर शटर कोण लावणार? ते आधी लावून दाखवावं लागतं. जितीश कल्लटांचं १९९७चं पहिलं प्रदर्शनही इथलं. २००७मध्ये गॅलरी जिना उतरून फोर्टात प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. मोठी जागा, मोठी चित्रं. काही चित्रं जागेसाठीच मोठी झाली असंही मला वाटतं, पण ते जाऊ दे.

बाकीच्यांचं काय, असं विचारलं जाईल. दिल्लीचा आर्ट फेअर हा लग्नाचा मांडव आहे, तिथं जेवण बरं असतं. डिजिटल टोकनं आली तशी गेली. २००८ आधी निघालेल्या कलेच्या फंडांत ज्यांनी पैसे घातले त्यांना मी काही सांगायची गरज नाही. कोचीची बिनाले चांगली, पण ती दोन वर्षांनी एकदा आणि चित्रकाराला भाकरी रोज लागते.

आता दैवाचा एक टोला. केकू २०१२च्या नोव्हेंबरमध्ये गेले, पुढच्या वर्षी खुर्शीदबाई. आणि २०१३च्या डिसेंबरात क्रिस्टीजनं भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत ताजमध्ये केला, तेव्हा त्याचं एक मोठं आकर्षण होतं गांधी कुटुंबाचा संग्रह. साठ-सत्तर वर्षं, कुणी घेत नव्हतं म्हणून, मित्राची नड होती म्हणून, आवडलं म्हणून घरात राहिलेली चित्रं. त्या संध्याकाळी एकूण ९६ कोटींहून जास्त विक्री झाली, गायतोंडेंचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि वर्तमानपत्रांना भारतीय कलेची ‘पहाट’ दिसली. पहाट! ज्यांनी रात्र काढली त्यांचं कपाट उपसून.

लिलाव ही जुन्या वस्तूंची बाजारपेठ आहे. तिथं जे विकलं जातं ते आधीच कुणीतरी पहिल्यांदा विकत घेतलेलं असतं, बहुतेक वेळा चार आण्यांत, आणि ते पहिल्यांदा विकणारा कुणी केकू, कुणी काली असतो. लिलाव चित्रकार घडवत नाही. घडलेला, शक्यतो मेलेला चित्रकार त्याला लागतो. मुंबईतली एक जुनी गॅलरी पुढे स्वतःच लिलावगृह झाली, यावरून वारं कुठलं वाहतंय ते समजावं. आणि चित्रकाराला यातून काय? आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३-अ नावाचं कलम १९९४च्या दुरुस्तीनं आलेलं आहे. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. ६७ कोटींवर ही कमाल धरली तर होतात ६ कोटी ७० लाख. वारस आहे की नाही हा प्रश्न वेगळा. पण अभिनंदनाचे संदेश पाठवणाऱ्यांपैकी एकालाही हे कलम ठाऊक नव्हतं, आणि कागदावर निजलेल्या या कलमाला उठवायला कुठला मराठी पुढारी धावल्याचं मी ऐकलेलं नाही. नावांच्या पाट्यांवरून काचा फोडणाऱ्यांना हा मुद्दा देऊन पाहायला हरकत नाही.

दोष लिलाववाल्यांचा कमी आहे. ते धंदा करतात. दोष आपला आहे. ‘दलाल’ या शब्दात आपल्याला एक चित्रकार दीनानाथ दलाल सोडले तर चांगला माणूस दिसतच नाही. चित्रकार उपाशी असावा, दाढी असावी, व्यवहारात भाबडा असावा आणि त्याच्या चित्रातून पैसा कमावणारा तो पापी, असं आपलं पिढीजात मत. बरव्यांचा ‘कोरा कॅनव्हास’ माझ्या कपाटात आहे, ‘चिन्ह’चा गायतोंडेंवरचा जाडजूड ग्रंथही आहे. चित्रकाराच्या मनावर आपल्याकडे उत्तम लिहिलं गेलंय. चित्र विकायचं कसं, लावायचं कुठं, हिशेब कुणी ठेवायचा, याला आपण हात लावत नाही, विटाळ होतो. गॅलरी निम्म्यापर्यंत कमिशन घेते म्हणून आपण दात-ओठ खातो. आणि आठवड्याचं भाडं, कॅटलॉगची छपाई, उद्घाटनाची बिस्किटं हे सगळं चित्रकारानं आधीच खिशातून भरायचं, त्यात आपल्याला काही गैर दिसत नाही! दक्षिण मुंबईच्या काचेच्या दारांपाशी कोल्हापूर-सांगलीचा पोरगा अडखळतो, हे खरं आहे, मी स्वतः अडखळलोय. मग कोल्हापुरात काचेचं नको, लाकडाचं दार असलेली एक गॅलरी आपण का काढली नाही? दागिन्यांच्या पेढ्या काढल्या, मंगल कार्यालयं काढली, इंजिनिअरिंग कॉलेजं तर विचारूच नका. गेल्या वीस वर्षांत ज्यांनी गंगापूर रोडला आणि बाणेरला तीन-तीन फ्लॅट घेतले त्यांनी एकेका जिवंत चित्रकाराचं एकेक चित्र त्याच्या उमेदीच्या वर्षांत घेतलं असतं, तर आज ६७ कोटींवर नाचायची वेळ आली नसती.

गेल्या पावसाळ्यात दक्षिण मुंबईतल्या भाड्याच्या एका हॉलमध्ये गेलो होतो. शेवटचा दिवस, संध्याकाळचे पावणेसात. इचलकरंजीकडचा एक चित्रकार चित्रं उतरवत होता, त्याचा भाऊ बबल रॅप कापत होता, बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. हॉलचा नंबर लागायला त्यानं काही वर्षं वाट पाहिली होती. मोठ्या कॅनव्हासवर उसाचा फड जाळल्यानंतरचं रान होतं, काळं, आणि त्या काळ्यात मधेच एक ओला हिरवा पट्टा. चांगलं होतं, खरंच चांगलं. आठवडाभरात काय झालं, विचारलं.

“दोन गेली सर,” तो म्हणाला. “एक आमच्या मामांनी घेतलं.”

“आणि दुसरं?”

“त्या बाईंनी विचारलं, किंमत फ्रेमसकट आहे ना? मी हो म्हटलं.” त्यानं चिकटपट्टी दातानं तोडली. “फ्रेम फार आवडली म्हणाल्या.”