दोन्ही बाजू दिसल्या, पुढे काय?

'वॉरक्राफ्ट' हा माझा आवडता खेळ. हसू नका, या वयातही खेळतो! १९९४ साली आलेल्या पहिल्या खेळात आधीच ठरवावं लागतं, माणसांच्या बाजूनं लढायचं की ऑर्कांच्या? ऑर्क म्हणजे सुळे असलेले राक्षसी योद्धे. त्यांची बाजू घेतली की राक्षस 'ते' राहत नाहीत, 'आपण' होतो. जंगल तोडायचा, वस्ती उद्ध्वस्त करायचा हुकूम आपणच देतो.

डंकन जोन्स यांनी २०१६ मध्ये यावर चित्रपट केला. तो एकांगी नाही, हे आधी सांगतो. ऑर्क सरदार ड्युरोटान आणि त्याची गरोदर बायको ड्राका आपल्याला सुरुवातीलाच भेटतात. त्यांचं जग उजाड झालंय, म्हणून ते दुसऱ्यांच्या जगात शिरतात. आणि उजाड कशानं झालं? ज्या जादूवर त्यांचा नेता गुलदान विसंबतो, तिच्यामुळेच! ड्युरोटानला हे कळतं, तो गुलदानला आव्हान देतो आणि मरतो. आपल्याला वाईट वाटतं.

पण वाईट वाटणं वेगळं आणि जबाबदार असणं वेगळं. कुरुक्षेत्रावरची दोन्ही सैन्यं संजयाला दिव्यदृष्टीनं दिसत होती. पेच मात्र पडला अर्जुनाला, कारण धनुष्य त्याच्या हातात होतं. खेळ आपल्याला अर्जुनाच्या जागी उभं करतो, चित्रपट संजयाच्या. दोन्ही बाजू दाखवल्या की न्याय झाला, असं हा चित्रपट धरून चालतो. तसं होत नाही. 'या जागी मी काय केलं असतं?' हा प्रश्न तो आपल्यापर्यंत येऊच देत नाही.