तीन मिनिटांचा यमन

विद्यार्थ्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रणे आप्तेष्टांना पाठविण्याची प्रथा आता घरोघरी रुळली आहे. त्यामागे कौतुक असते आणि कौतुकाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु आपण नेमके काय पाठवितो, याचा विचार क्वचितच होतो.

गेल्या गुरुपौर्णिमेस नात्यातील एक सतरा वर्षांची मुलगी गुरूंच्या वर्गात यमन गायिली. विलंबित एकतालातील ख्याल आणि त्याला जोडून द्रुत तीनतालातील बंदिश, असे पंचवीस मिनिटांचे गायन. आरंभी तिचा गंधार किंचित उतरत होता. यमनचा वादी स्वरच डळमळला, तर पुढचा विस्तार कशाच्या आधारावर व्हायचा? दोन आवर्तने ती त्याच स्वराभोवती घुटमळली. मग तिने घाई सोडली. मंद्र निषादावर येऊन ती क्षणभर थांबली, तंबोरा ऐकला आणि 'नि रे ग' या वाटेने पुन्हा वर आली. या खेपेस गंधार जागेवर लागला. पुढे द्रुतातील ताना तयारीच्या होत्या. पण त्या पाठ केलेल्या वाटल्या आणि लय सांभाळण्याच्या भरात बंदिशीचे शब्द अस्पष्ट झाले. त्या सायंकाळचे खरे गाणे त्या गंधारापाशी झाले होते.

रात्री नातेवाइकांच्या फोनवर आली ती शेवटची तीन मिनिटे. म्हणजे केवळ ताना. लगोलग फुले, अंगठे आणि 'अप्रतिम' यांचा वर्षाव झाला.

तीन मिनिटांची मर्यादा आपल्या संगीताला नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान तबकड्यांसाठी गायिल्या, तेव्हा एका तबकडीवर जेमतेम तेवढाच अवधी मिळत असे. त्यांनी त्या अवधीसाठी गाणे बेतले. अखेरीस स्वतःचे नावही इंग्रजीत उच्चारले, कारण परदेशी कारखान्यात तबकडी कोणाची, हे कळणे आवश्यक होते. ती कृती लहान, पण पुरी होती. आपण पाठवितो तो मोठ्या कृतीचा कापलेला तुकडा असतो. शिवाय फोनच्या लहानशा स्पीकरमधून तंबोऱ्याच्या खर्जाचा भरणा जवळजवळ उमटतच नाही. ज्या आधारावर स्वर पारखायचा, तोच पुसट झाला, तर ऐकणाऱ्याला उरते ती केवळ चपळाई.

याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. मुलगी आईला म्हणाली, "पुढच्या वेळी विलंबित कमी करते. ते कोणी ऐकतच नाही." आपल्या कौतुकाने तिला शिकविले ते हे!

मी संपूर्ण ध्वनिमुद्रण मागवून कानाला इअरफोन लावून ऐकले आणि त्या गंधाराविषयी तिला चार ओळी लिहिल्या. द्रुतातील शब्दांविषयीही लिहिले. तिचे उत्तर आले, "काका, ते तुम्हाला ऐकू आलं?"

शिकणाऱ्याला श्रोत्याकडून हवे असते ते एवढेच. म्हणून ध्वनिमुद्रण पाठवायचे, तर गाणाऱ्याला, गुरूंना आणि साथीदारांना विचारून, शक्यतो संपूर्ण पाठवावे. सोबत राग, ताल आणि साथीदारांची नावे द्यावीत. फोन तबल्याला खेटून ठेवू नये, नाहीतर गळा मागे पडतो. आणि ज्याला ते मिळेल त्याने 'छान' म्हणण्याआधी आपल्याला भावलेली, किंवा खटकलेली, एक तरी जागा सांगावी. सवड नसेल, तर सवडीने ऐकतो असे कळवावे. त्यात अवमान नाही.

तिच्या आईने मग पंचवीस मिनिटांचे ते सारे गायन घरच्यांना पाठविले. या वेळी उत्तरे फार थोडी आली. आजीने मात्र ते दोनदा ऐकले आणि विचारले, "मध्ये तू थांबलीस, तेव्हा काय शोधत होतीस गं?" पुढच्या कार्यक्रमासाठी मुलीने विलंबित कमी केलेले नाही.