हातमोज्यांपासून सुरू होणारं शिक्षण

आज आपण अपघातांबद्दल कमी आणि अपघात टाळायला शिकवणाऱ्या वर्गांबद्दल जास्त बोलणार आहोत. पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं. पण कारखान्यांत, बांधकामांवर मोठ्या माणसांना सुरक्षेचे जे कोर्स शिकवले जातात, त्यांचं परीक्षण सहसा कोणी करत नाही. फीडबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात चहा-नाश्ता कसा होता हेही विचारतात. शिकवलं ते बरोबर होतं का, हे मात्र राहून जातं. आम्ही हे वर्ग घेणाऱ्यांपैकीच आहोत, तेव्हा ही चिकित्सा घरचीच समजा.

या वर्गात बसतं कोण, ते आधी पाहू. पंधरा-वीस वर्षं लाइनवर काढलेला सुपरवायझर, मेंटेनन्सचा फिटर, बॉयलरवरचा माणूस, सुरक्षा अधिकारी होण्यासाठी पदविका करणारा इंजिनिअर. आपल्या मशिनचा कुठला आवाज बरा आणि कुठला वाईट, हे त्यांना शिकवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. आणि आपण त्यांच्यापुढे काय ठेवतो? हेल्मेट, बूट, हातमोजे यांची चित्रं, चार घोषणा आणि शेवटी दहा गुणांची चाचणी. पावलो फ्रेरे या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाने अशा शिकवण्याला बँकेची उपमा दिली होती: शिक्षक पैसे भरणारा, विद्यार्थी रिकामं खातं. आमचा पहिला आक्षेप हाच, की ही खाती रिकामी नाहीत.

दुसरा आक्षेप मजकुरावर आहे. कितीतरी कोर्समध्ये आजही एक आकडा येतो: ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे, २ टक्के अटळ. हा आकडा हाइनरिश यांचा. ते अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत होते आणि त्यांचं पुस्तक आलं १९३१ साली. आकडा आला कुठून? सुमारे ७५ हजार अपघातांच्या नोंदींवरून. त्यातल्या बऱ्याचशा मालकांच्या दप्तरातल्या, आणि कारण लिहिणारे बहुतेक सुपरवायझर. आता तुम्हीच सांगा, आपल्या हाताखालच्या माणसाचं बोट गेलं तर कारणाच्या रकान्यात कोण लिहील, की गार्ड मोडला होता आणि मला तो माहीत होता? पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यावर कडक टीका केली आहे. तरी वर्गात तो गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखा सांगितला जातो.

यानं बिघडतं काय, ते पॉवर प्रेसवर बघा. चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना हे नवं नाही. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असते. एक बटण कुणीतरी कायमचं दाबून ठेवतं, सेन्सर बंद करतं. मग बोट जातं. कोर्सच्या भाषेत ही झाली ‘असुरक्षित कृती’, आणि उत्तर पूर्ण झालं. पण तासाला किती नग काढायचे हे ठरवलं कोणी? दोन बटणांनी तेवढे नग निघतात का? सेन्सर किती दिवस बंद होता, आणि त्या दिवसांत राउंडला कोण कोण येऊन गेलं? वर्गातल्या प्रत्येकाला हे प्रश्न माहीत असतात. आपल्या स्लाइडवर त्यांना जागा नसते.

भोपाळसुद्धा असंच शिकवलं जातं. २-३ डिसेंबर १९८४ची रात्र, टाकीत पाणी शिरलं, विषारी वायू सुटला. पाणी कसं शिरलं, यावर वाद झाले. पण टाकीतलं रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता आणि त्या विभागातली माणसं कमी केलेली होती, हे सगळं त्या रात्रीच्या आधीचं आहे. ते व्हॉल्व्हवरच्या एका माणसाच्या हातात नव्हतं. भोपाळवर तासभर बोलून ‘म्हणून दक्ष राहा’ एवढाच निष्कर्ष काढला, तर तो तास फुकट गेला म्हणायचा.

आता गंमत अशी, की उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे. नियंत्रणाची पाच पायऱ्यांची उतरंड सगळे शिकवतात. धोका मुळातूनच काढा. नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरा. मग गार्ड, इंटरलॉक, वायुवीजन. मग नियम, पर्मिट, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे. म्हणजे आपण देतो ते प्रशिक्षण चौथ्या पायरीवर आहे, आणि ज्याची चित्रं दाखवतो ते पाचव्या. परीक्षेला ही उतरंड वरून खाली लिहून घेतात आणि कोर्स चालतो खालून वर. बहुतेक वेळा वर पोचायच्या आत जेवणाची सुट्टी होते.

कोणी म्हणेल, माणूस चुकतोच ना! चुकतो. दमलेला, तिसऱ्या पाळीतला माणूस हमखास चुकतो. म्हणूनच तर गार्ड हवा. माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र बनवायचं असतं. माणूस चुकला म्हणून यंत्र सुटत नाही.

यात पणाला काय लागलंय? हजेरीच्या कागदावरची सही. वर्गाच्या शेवटी ती घेतली जाते. अपघात झाला की तोच कागद बाहेर येतो: ‘याला प्रशिक्षण दिलं होतं.’ जो वर्ग कामगाराच्या जिवासाठी म्हणून भरवला, तो त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. हे शिकवणाऱ्याला चालणार आहे का?

कायदा पाहिला तर तो आपल्या स्लाइडपेक्षा पुढे आहे. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळण्याचा कामगाराचा हक्क त्यात आला. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात तातडीचा धोका वाटला, तर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क आला. २०२०च्या संहितेतही माहिती मागण्याचा आणि धोका कळवण्याचा हक्क आहे. मात्र त्याच संहितेत ‘कारखाना’ म्हणवायला वीज असेल तर १० ऐवजी २० आणि नसेल तर २० ऐवजी ४० कामगारांची अट आली. हे दोन्ही वर्गात सांगायला हवं. कामगारांची कर्तव्यं आपण पाठ करून घेतो, हक्क मात्र ‘वाचून घ्या’मध्ये जातात.

सगळंच टाकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही. बंदिस्त टाकीत उतरण्याआधी हवा तपासायची, बेशुद्ध पडलेल्याच्या मागे साधनांशिवाय उडी घ्यायची नाही, हे शिकवल्यानं जीव वाचतात. तिथे चाचणीही हवी आणि घोकंपट्टीही.

पण पुढच्या वेळी कोर्सला बसाल किंवा कोर्स घ्याल, तेव्हा तीन गोष्टी तपासा. पहिली, बसलेल्यांना त्यांच्या विभागाचा नकाशा काढून धोके स्वतः दाखवायला सांगितलं का? दुसरी, प्रत्येक उदाहरणात वरच्या तीन पायऱ्यांवर चर्चा झाली का? तिसरी, वर्गात निघालेले धोके लेखी स्वरूपात सुरक्षा समितीपुढे गेले का, आणि त्यांचं पुढे काय झालं, हे त्याच माणसांना परत कळलं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढच्या वर्गात ती माणसं तोंड उघडणार नाहीत. आपण म्हणू, यांना शिकायची इच्छाच नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. तुमच्या शॉपमधली उदाहरणं आली तर जास्तच बरं.