फुप्फुसांची सोनोग्राफी व ‘ब्ल्यू प्रोटोकॉल’ : एक चिकित्सा

अतिदक्षता विभागात खाटेजवळच फुप्फुसांची सोनोग्राफी करून तीव्र श्वसन-अपयशाचे कारण शोधण्याची ‘ब्ल्यू प्रोटोकॉल’ ही पद्धती लिश्टेनस्टाइन व मेझिएर यांनी २००८ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात मांडली. तिचे ९०.५ टक्के अचूक निदान सर्वत्र उद्धृत केले जाते. परंतु मूळच्या ३०१ रुग्णांपैकी ४१ वगळले गेले होते. १६ जणांचे निदान अनिश्चित राहिले, १६ जणांची निदाने एकाहून अधिक होती, तर ९ जणांच्या विकाराची कारणे दुर्मीळ होती. म्हणजेच जेथे वैद्यकीय निर्णयाची खरी कसोटी लागते, तेच रुग्ण गणनेबाहेर राहिले. किरणोत्सर्गाविना, अल्पावधीत होणारी ही तपासणी निःसंशय मोलाची आहे. तथापि उर्वरित २६० रुग्णांचे यश सरसकट सर्वांना लागू करणे शास्त्रीय ठरत नाही.