पंचगंगेची परंपरा आणि तालिकेतील मौन

ग्रंथालयाच्या तालिकेत एकनाथी भागवताची नोंद पाहिली, तर कर्ता, शीर्षक, संपादक, प्रकाशनस्थळ, प्रकाशनवर्ष, पृष्ठसंख्या हे घटक ओळीने मिळतात. स्थळ म्हणून मुंबई किंवा पुणे येते आणि वर्ष मुद्रणाचे असते. छापील प्रतीपुरती ही माहिती बिनचूक असते. तौलनिक अभ्यासक मात्र कृतीचा शोध घेत असतो, आणि कृतीविषयी येथे जवळजवळ मौनच आढळते.

हे मौन अधिक खटकते ते अशासाठी की, खुद्द ग्रंथकर्त्याने ही माहिती विलक्षण काटेकोरपणे दिलेली आहे. एकतिसाव्या अध्यायाच्या अखेरीस एकनाथ समाप्तीचे स्थळ वाराणसी असे सांगतात आणि तेथील रीतीने विक्रम संवत् १६३०, वृष संवत्सर ही कालनोंद करतात. तेवढ्यावर न थांबता गोदातीरीच्या आपल्या प्रतिष्ठानात चालणारी गणनाही ते देतात : शालिवाहन शके १४९५, श्रीमुख संवत्सर. कार्तिकी पौर्णिमा एकच, पण वर्षांक दोन आणि संवत्सरनामेही दोन. कारण उत्तरेतील बार्हस्पत्य गणना दक्षिणेतील गणनेच्या पुढे गेलेली होती. इसवी सनाने हे वर्ष १५७३. दोन प्रदेशांतील वाचक डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही नोंद पाहता, एकनाथांना तालिकाकारांचे पूर्वसूरी म्हणण्याचा मोह होतो.

या दुहेरी कालनिर्देशाचे मोल तुलनेच्या वेळी ध्यानात येते. संवत् १६३१ च्या रामनवमीस तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानसाचा आरंभ केला. म्हणजे मराठी टीकेची समाप्ती आणि अवधी काव्याचा आरंभ यांत पाच महिन्यांचेही अंतर नाही. दोन्ही कवींची भेट झाली की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. एकाच दशकात गंगेच्या खोऱ्यात संस्कृत पुराणपरंपरा दोन लोकभाषांत उतरत होती, ही वस्तुस्थिती तालिकेतून हाती लागत नाही. रंगनाथन यांनी १९४५ ते १९४७ या काळात काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाची धुरा वाहिली. पण त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणातही साहित्याच्या वर्गात भाषा पहिली, मग वाङ्मयप्रकार, मग कर्ता. रचनास्थळाला तेथे पैलू म्हणून जागा नाही. त्यातून एकनाथी भागवत धर्माच्या वर्गात पुराणांखाली गेले, तर ते साहित्याच्या फडताळापासूनच दुरावते.

१९९८ च्या एफआरबीआर अहवालाने कृती, अभिव्यक्ती, प्रकटन आणि प्रत असा भेद केला. पुढे आरडीए या नियमावलीने कृतीचे उगमस्थान आणि काल यांना स्वतंत्र घटक मानले. मार्क २१ मध्येही उगमस्थानासाठी जागा झाली. तेव्हा नियमांची उणीव सांगून आता भागणार नाही. खरी उणीव नोंद भरण्यात आणि, भरलेली असली तरी, ती वाचकासमोर मांडण्यात आहे. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचींत आरंभ, अखेर आणि पुष्पिका उतरवून देण्याची प्रथा आहे. छापील ग्रंथ आला आणि तालिकेने ती प्रथा सोडून दिली.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परंपरा एकनाथांच्या या ग्रंथाचा संबंध पंचगंगा घाटाशी जोडते. रामानंद आणि कबीर यांची प्रसिद्ध आख्यायिकाही याच पायऱ्यांवरची. ‘पंचगंगा’ असा शोध घेणाऱ्यास मराठी भागवत दिसावे, हे इष्टच. परंतु ‘वाराणसी’ हा ग्रंथोक्त निर्देश आणि ‘पंचगंगा घाट’ हा परंपरेचा निर्देश एकाच घटकात, एकाच वजनाने छापले, तर आजच्या मौनाची जागा उद्या भ्रम घेईल. प्रमाण स्रोताबाहेरून घेतलेली माहिती चौकटी कंसात देण्याचा संकेत तालिकाशास्त्रात जुनाच आहे. रचनास्थळाला तो लागू करण्यास अडचण दिसत नाही. शके १४९३ मध्ये काशीतच सिद्ध झालेल्या रुक्मिणीस्वयंवराची नोंद याच पद्धतीने करून पाहता येईल.