नाव एक, कृती अनेक : ‘डॅन डेअर’ या ब्रिटिश विज्ञान-चित्रमालिकेचा प्रकाशन-इतिहास

साहित्याच्या वर्गात आपण संहिता शिकवतो, लेखक शिकवतो, क्वचित काळही शिकवतो. प्रकाशक मात्र बहुधा मुखपृष्ठावरच राहतो. नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेच्या बाबतीत ही सवय अपुरी पडते. अशा कथेची लांबी, तिचा वेग, तिचे रंग, इतकेच नव्हे तर नायकाच्या अंगावरचा गणवेशही कंपनीच्या हिशेबावर ठरू शकतो. ब्रिटनमधील ‘डॅन डेअर’ ही विज्ञान-चित्रमालिका या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९५० पासून एकाच नावाने छापली गेलेली ही मालिका म्हणजे एक कृती नव्हे, तर एका नावाखालच्या अनेक कृती होत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मालिकेचा उगम अनपेक्षित ठिकाणी आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील साउथपोर्टजवळचे पाद्री मार्कस मॉरिस यांना मुलांच्या हाती येणाऱ्या अमेरिकी भयकथांच्या कॉमिक्सची चिंता वाटत होती. १९४९ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध वृत्तपत्रात लेख लिहिला. परंतु केवळ निषेधावर न थांबता त्यांनी पर्यायी साप्ताहिकाचा नमुना तयार करायला घेतला. त्यांच्या चर्चच्या मासिकासाठी चित्रे काढणारे फ्रँक हॅम्पसन हे या कामातील त्यांचे सहकारी. डॅन डेअर आरंभीच्या आराखड्यात अंतराळदलाचा धर्मोपदेशक होता. पुढे तो कर्नल आणि वैमानिक झाला. उपदेश गळाला, चारित्र्य उरले. मालिकेच्या यशाचे निम्मे रहस्य या एका दुरुस्तीत आहे, असे म्हणता येईल.

‘पिक्चर पोस्ट’ काढणाऱ्या हल्टन प्रेसने हा नमुना स्वीकारला आणि १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’चा पहिला अंक निघाला. त्याच्या सुमारे ९ लाख प्रती खपल्या. पहिली कथा १९९० च्या दशकात घडते. पृथ्वीवर अन्नाचा तुटवडा आहे आणि धान्य पिकवण्यासाठी शुक्रावर जमीन मिळते का, याचा शोध चालू आहे. युद्धानंतरही शिधापत्रिकेवर जगणाऱ्या ब्रिटिश मुलांना ही भूक काल्पनिक वाटण्याचे कारण नव्हते. शुक्रावर ट्रीन नावाची हिरव्या कातडीची, भावना गोठलेली जमात आणि तिचा प्रचंड मस्तकाचा शासक मेकॉन भेटतो. दर आठवड्याला दोन रंगीत पाने, अशी ही एकच कथा सुमारे दीड वर्ष चालली.

येथे निर्मितीची पद्धत लक्षात घ्यायला हवी. हॅम्पसन यांनी सहकाऱ्यांचा एक स्टुडिओच उभारला. प्रथम कच्ची मांडणी होई. मग सहकारी त्या पवित्र्यात उभे राहत, त्यांची छायाचित्रे घेतली जात. यानांच्या आणि शहरांच्या प्रतिकृती समोर ठेवल्या जात. त्यानंतर पक्के चित्र होई. विज्ञानविषयक सल्ल्यासाठी आरंभी आर्थर सी. क्लार्क यांची मदत होती. एवढा खर्च आणि वेळ मुलांच्या साप्ताहिकावर करणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्याचा परिणाम पानावर दिसतो. प्रकाश कोठून येतो, यानाचे दार कसे उघडते, शिरस्त्राण कसे अडकते, हे वाचकाला शब्दांवाचून कळते. अद्भुत गोष्ट पटते ती तपशिलामुळे, आणि तपशिलाला पैसे पडतात.

मूळ मालिका निर्दोष होती, असे नाही. तिच्यातली भावी पृथ्वी एका जागतिक शासनाखाली असली तरी तिचे बोलणेचालणे इंग्रजी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातलेच राहते. डिग्बी हा सामान्य घरातला लँकेशायरचा माणूस मुख्यतः नायकाचा सेवक आणि विनोदाचे निमित्त ठरतो. तरीही प्रोफेसर पीबॉडी ही शास्त्रज्ञ स्त्री पहिल्या मोहिमेत आहे आणि सोंडार हा ट्रीन पुढे विश्वासू मित्र होतो. शत्रू शासक असतो, संपूर्ण जमात नव्हे, हा भेद महायुद्धाला पाच वर्षे झाली असताना मुलांपुढे ठेवला गेला, याचे मोल कमी नाही.

१९५९ मध्ये हल्टन प्रेस ओडहॅम्स या कंपनीकडे गेली आणि चित्र पालटले. मॉरिस गेले, हॅम्पसन यांनीही मालिका सोडली. कथा अर्ध्यावर असताना ती फ्रँक बेलामी यांच्याकडे आली. बेलामी श्रेष्ठ दर्जाचे चित्रकार होते, परंतु नव्या मालकांना यानांपासून गणवेशापर्यंत सारे नवे हवे होते. वर्षभराने तेही बाहेर पडले. १९६२ मध्ये मालिका पहिल्या पानावरून आत ढकलली गेली आणि तिचे रंगही गेले. कीथ वॉटसन यांनी तिला पुन्हा मुखपृष्ठापर्यंत आणले. तरी १९६७ च्या आरंभी नवी कथा थांबली व जुन्याच कथा पुन्हा छापल्या जाऊ लागल्या. एप्रिल १९६९ मध्ये ‘ईगल’ ‘लायन’ या साप्ताहिकात विलीन झाला. कथेचा कस आटला म्हणून मालिका क्षीण झाली, असे साहित्येतिहासात सहज लिहिले जाईल. घटनाक्रम वेगळे सांगतो. आधी स्टुडिओ मोडला, कस त्यानंतर गेला.

नाव मात्र जिवंत राहिले. फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘२००० ए. डी.’ हे साप्ताहिक सुरू झाले, तेव्हा वाचक खेचण्यासाठी डॅन डेअरलाच पुढे केले गेले. दोन शतकांनी जागा झालेला हा डेअर चेहऱ्यानेही वेगळा होता. दुसऱ्याच अंकात आलेला जज ड्रेड त्या साप्ताहिकाचा खरा नायक ठरला आणि १९७९ मध्ये डेअर तेथून नाहीसा झाला. १९८२ मध्ये ‘ईगल’ नव्याने निघाला. त्यात नायक म्हणून मूळ डेअरचा वंशज होता. २००७-०८ मध्ये व्हर्जिन कॉमिक्सने गार्थ एनिस यांच्या लेखणीतून सात अंकांची कथा काढली. या कंपनीचा एक स्टुडिओ बंगळुरूत होता. या कथेची चित्रे मात्र गॅरी अर्स्किन या स्कॉटिश चित्रकाराची होती.

या पुनरागमनांत वेगळे ठरते ते ग्रँट मॉरिसन आणि रियान ह्यूज यांचे ‘डेअर’. १९९० मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ मासिकात ते सुरू झाले. मासिक बंद पडल्यावर ‘क्रायसिस’ या दुसऱ्या नियतकालिकात पूर्ण झाले. येथे डेअर थकलेला, निवृत्त माणूस आहे आणि सत्ताधारी पक्षाला निवडणुकीसाठी त्याचा चेहरा हवा आहे. थॅचर काळावरची टीका म्हणून ही कथा वाचली जाते, ते योग्यच आहे. पण तिला आणखी एक अर्थ आहे. कथेत राजकारणी डेअरच्या नावाचा जो वापर करतात, तोच कथेबाहेर नवनवी नियतकालिके करत आली होती. या कृतीने त्या वापरालाच विषय केले, म्हणून ती इतरांपेक्षा प्रामाणिक वाटते.

आता हॅम्पसन यांच्याविषयी. डेअरवरील हक्क त्यांच्याकडे नव्हते. ते प्रकाशकाचे होते. मालिकेच्या नावावर खेळणी आणि इतर असंख्य वस्तू विकल्या गेल्या, कंपन्या विकल्या गेल्या, आणि पात्रही त्यांच्यासोबत हस्तांतरित झाले. पुढे हॅम्पसन यांनी युएल येथील तांत्रिक महाविद्यालयात तंत्रज्ञाची नोकरी केली. १९७५ मध्ये इटलीतील लुक्का येथे त्यांचा मोठा सन्मान झाला. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. यावर असे म्हटले जाईल, की हल्टनच्या पैशाशिवाय स्टुडिओ उभा राहिला नसता. हॅम्पसन यांना पगार मिळत होता. हे खरेच आहे. प्रकाशकाचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु पगार हा केलेल्या कामाचा मोबदला झाला. निर्माता निघून गेल्यावर त्याच्या कल्पनेचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या पगारात कायमचा विकला गेला असे मानणे कायद्याला धरून असेल, न्यायाला धरून नाही.

क्रमशः प्रसिद्ध झालेली कोणतीही कृती वर्गात घेताना, मग ती उर्दू असो वा मराठी, तीन प्रश्न विचारायला हरकत नाही : हा भाग कोणी छापला? त्या वेळी मालकी कोणाची होती? आणि ज्याचे नाव आपण घेत आहोत, त्याचा हात या पानावर होता का? डॅन डेअरच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९५९ नंतर ‘नाही’ असे आहे. तेथून पुढे वाचायची ती दुसरी पुस्तके आहेत. त्यांपैकी काही चांगलीही आहेत.