श्यामची आई आजारी होती

सहामाही परीक्षा आटोपली आणि दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या शिरूरला मुलांच्या हातांत बक्षिसाची पुस्तके दिसू लागतात. निबंधाचे बक्षीस असो, पाठांतराचे असो, की नुसत्या चांगल्या वर्तणुकीचे असो, पुस्तक बहुधा एकच असते : 'श्यामची आई'. आमच्या घरी त्याच्या चार प्रती आहेत आणि त्यांतली एकही विकत घेतलेली नाही. एक माझी, एक पत्नीची, एक थोरल्याची आणि एक धाकटीची. चारही प्रतींवर कव्हरे घातलेली आहेत आणि चारही जवळजवळ कोऱ्या आहेत. एखादे पुस्तक फार लाडके झाले, की ते वाचायचे राहून जाते. देव्हाऱ्यातल्या पोथीसारखी त्याची गत होते.

गेल्या वर्षी घरात आजारपण आले आणि त्या निमित्ताने हे पुस्तक मी पुन्हा एकवार सबंध वाचले. माझ्या पदरी मॅट्रिकपलीकडची विद्या नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि वीस वर्षे खडू झिजवला, एवढीच शिदोरी. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते पंडिताचे परीक्षण नव्हे. एका शिक्षकाने आपल्याच धड्याची केलेली ही फेरतपासणी आहे, असे वाचकांनी समजावे.

पुस्तकाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. साने गुरुजींनी ते १९३३ सालच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते छापून निघाले. त्यापूर्वी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांची आजारपणे त्यांनी स्वतःच्या हातांनी काढली होती. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पडद्यावरची ती आई वनमालाबाईंनी अशी काही उभी केली, की पुढच्या पिढ्यांना श्यामची आई म्हटले की तोच चेहरा दिसू लागला : शांत, करारी, निरोगी.

'निरोगी' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. कारण पुस्तक उघडून पाहावे, तर ही आई पहिल्याच रात्री आजारी आहे. सावित्रीचे व्रत आले आहे, वडाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या आहेत आणि तापाने अंगात त्राण उरलेले नाही. म्हणून ती मुलाला सांगते, की माझ्याऐवजी तू जा. बायकांच्या घोळक्यात मुलाने वडाभोवती फिरायचे म्हणजे श्यामला लाज वाटते. आई त्याची समजूत घालते. लाज वाईट कामाची धरावी, असे त्याच्या मनावर ठसवते. हा धडा आम्ही शिक्षक नेमाने शिकवतो आणि फळ्यावर तात्पर्य लिहून देतो : सत्कर्माची लाज धरू नये.

पण मुळात प्रसंग काय आहे? आईचे पाय चालत नाहीत, म्हणून मुलगा तिचे पाय होतो. ती धडधाकट असती, तर स्वतःच वडाला गेली असती आणि श्याम अंगणात खेळत राहिला असता. म्हणजे पुस्तकातली पहिली शिकवण जन्माला येते तीच आजारपणाच्या पोटी. फळ्यावर तात्पर्य लिहिताना आम्ही आजारपण पुसून टाकतो आणि मग नुसते सुभाषित शिल्लक राहते. सुभाषिते मुलांना पाठ होतात, अंगी लागत नाहीत.

बेचाळीस रात्रींच्या या पुस्तकात आजाराची सावली पुन्हा पुन्हा येते. पाचव्या रात्रीची मथुरी घ्या. दुसऱ्याच्या घरी भात कांडून पोट भरणारी ही बाई अंथरुणाला खिळते, तेव्हा श्यामच्या आईला तिची आठवण राहते आणि ती श्यामला तिच्याकडे पाठवते. इथेही मुलगा शिकतो तो पाठवला गेल्यामुळे. दारातून आत जाऊन, एका आजारी माणसाला डोळ्यांनी पाहून तो शिकतो.

आता 'अळणी भाजी' पाहा. सबंध पुस्तकात माझ्या मते ही रात्र सर्वांत उजवी. भाजीत मीठ पडलेले नाही. श्यामचे वडील जेवतात, चवीविषयी चकार शब्द काढत नाहीत आणि उठतात. आई जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. इथे कोणी कोणाला उपदेश करायला बसलेले नाही. राबणाऱ्या बाईच्या हातून मीठ राहते आणि खाणारा ते गिळतो, एवढेच. मुले पाहत असतात. कादंबरीकार म्हणून मला या प्रकरणाचा हेवा वाटतो.

सगळ्याच रात्री अशा उतरल्या आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. गुरुजींना आपला मुद्दा वाचकाच्या हाती लागला की नाही, याची धास्ती असते. आई बोलून थांबली, की श्याम बोलतो. श्याम थांबला, की आश्रमातले मित्र बोलतात. आणि मधून मधून सगळ्यांचे डोळे भरून येतात. इतके अश्रू पाहिले, की वाचकाच्या वाट्याला रडायचे उरत नाही. दुसरी उणीव याहून गंभीर आहे. ही बाई आजारी का पडते, हा प्रश्न पुस्तक धड विचारत नाही. वारंवारचा ताप, कर्ज, चुलीपुढचे आणि विहिरीवरचे कष्ट हे सारे त्यात आहे. पण तिचे सोसणे इतक्या भक्तिभावाने सांगितले आहे, की ते टाळता आले असते का, हे विचारणेच अधर्म वाटावा. आजही कितीतरी घरांत बाई ताप अंगावर काढते आणि आपण तिला 'अगदी श्यामची आई' म्हणून गौरवतो. हा गौरव गुरुजींना रुचला नसता. पण त्यांच्या पुस्तकाने त्याला वाव ठेवला, हेही खरे.

तरीही शेवटच्या रात्रींपाशी आलो, की या तक्रारी मागे पडतात. कर्जापायी घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते, आणि त्यानंतरची रात्र आहे 'आईचा शेवटचा आजार'. आरंभी आईच्या आजारात तिचे पाय होऊन वडाभोवती फिरलेला मुलगा आता शिक्षणासाठी दूर आहे. ती जाते तेव्हा तो उशाशी नसतो. तो घरी येतो तेव्हा उरलेली असते ती राख. 'भस्ममय मूर्ती' हे त्या रात्रीचे नाव. पहिली रात्र आणि ही रात्र शेजारी शेजारी ठेवून वाचावी. दुसऱ्यांदा तो तिच्या उपयोगी पडू शकला नाही, हे शल्य या साऱ्या पुस्तकाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. गुरुजींची आई १९१७ साली गेली आणि पुस्तक १९३३ साली लिहिले गेले. सोळा वर्षे ते आतल्या आत साठत होते. पाच दिवसांत लिहून झाले याचे नवल मग वाटत नाही.

आणि नेमक्या याच रात्री आम्ही शाळेत वाचत नाही. मुले लहान आहेत, त्यांना कशाला मरणाच्या गोष्टी, असे म्हणून मीही आजवर त्या गाळत आलो.

आणखी एक गोष्ट या वाचनात लक्षात आली. आई गेली तेव्हा गुरुजी सतरा वर्षांचे होते. तो हिशेब धरला, तर श्यामची आई आजच्या माझ्या वयापेक्षा फारशी मोठी नसावी. आपण मात्र तिला मनात नेहमी पोक्त, वयस्क करून ठेवतो. तिला म्हातारपण आलेच नाही. पुस्तकात 'दूर्वांची आजी' आहे, तिला एक रात्रही दिली आहे, पण ती वाटेत भेटून पुढे जाते. घरातले म्हातारपण मराठी रंगभूमीने पुरते समोर आणले ते पुढे कितीतरी वर्षांनी. कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' १९७० सालचे, जयवंत दळवींचे 'संध्याछाया' १९७३ सालचे. 'संध्याछाया'तील नाना-नानींचा एक मुलगा परदेशात, दुसरा सैन्यात, आणि घरात नातवंडाचा आवाज नाही. ते नाटक पाहताना आपण मुलांच्या निष्ठुरपणावर बोट ठेवतो. मला त्यात दुसरीही एक पोकळी दिसते. त्या दोघांजवळ शिकवण्यासारखे पुष्कळ आहे आणि शिकायला समोर कोणी नाही. श्यामच्या आईला आयुष्य पुरले नाही, पण श्रोता होता. नाना-नानींना आयुष्य पुरून उरले आणि श्रोता गेला. आजच्या आपल्या घरांत म्हातारी माणसे असतात, नातवंडेही असतात, पण त्यांच्यामधले दार लोटलेले असते. हे मी कोणा परक्याविषयी सांगत नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास दौंडला माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, ओठ एका बाजूला ओढले गेले, शब्द जड झाले. तिला शिरूरला आणले आणि आतल्या खोलीत खाट टाकली. धाकटी त्या वर्षी सहावीत होती. तिची परीक्षा जवळ आली होती. आम्ही दोघांनी ठरवून टाकले, की तिला त्या खोलीत फारसे जाऊ द्यायचे नाही. अभ्यास बुडायला नको आणि मनावर परिणामही व्हायला नको. एके दिवशी आईला हात धरून दवाखान्यापर्यंत न्यायला सांगितले, तर वर्गातल्या मैत्रिणी समोरून येताना पाहून पोरीने आजीचा हात सोडला. आजीच्या तोंडातून लाळ गळत होती.

मी रागावलो. आणि शिक्षकाच्या खोडीप्रमाणे तिच्यापुढे 'श्यामची आई'ची पहिली रात्र उघडून ठेवली. तिने ती मुकाट्याने वाचली आणि म्हणाली, "पण बाबा, श्यामला त्याची आई स्वतः सांगते. आजी माझ्याशी बोलतच नाही. सगळं तुम्हीच बोलता."

या पुस्तकावरची इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही. मी आईला गाळून तात्पर्य तेवढे पोरीच्या हाती दिले होते. वर्गात गाळतो तसेच.

दार उघडले. पुढचे त्या दोघींनीच केले. वडील रेल्वेत होते, त्यांच्या मागे आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दर नोव्हेंबरात दौंडच्या बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. उजवा हात तर उचलत नव्हता. अंगठा चालतो, असे मी सांगितले. पण आई अंगठ्याला तयार होईना. लग्नानंतर वडिलांनी तिला अक्षरे शिकवली होती. सही हा तिचा मोठा मान. तेव्हा पोरीने आपली जुनी पाटी काढली आणि आजीचा डावा हात धरून गिरवून घ्यायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी आतून आवाज यायचा : "आजी, काना आधी नाही, अक्षर आधी." आजी चुकली की पोर पाटी पुसायची आणि पोर कंटाळली की आजी तिला अडखळत अडखळत दौंडच्या रेल्वे चाळीतल्या गोष्टी सांगायची. कोण कोणाला शिकवत होते, हे मला शिक्षक असून सांगता आले नसते.

दिवाळी सरल्यावर आम्ही तिघे एस.टी.ने न्हावऱ्यावरून, पारगावचा भीमेचा पूल ओलांडून दौंडला गेलो. बँकेतल्या खुर्चीवर बसून आईने डाव्या हाताने सही केली. तिला चांगली चार-पाच मिनिटे लागली आणि मागची रांग थांबून राहिली. कारकुनाने जुन्या सहीशी ती ताडून पाहिली आणि सौम्यपणे म्हणाला, की जुळत नाही, शेजारी अंगठाही घ्यावा लागेल. आईने तोही दिला. पोरीला फार राग आला. परतताना पाटसपर्यंत ती बोलली नाही. मग आजीनेच तिचा हात हातात घेतला. समोरच्या बाकावर शाळेची मुले बसली होती आणि आईच्या ओठांतून लाळ गळत होती. पोरीने रुमाल काढून ती पुसली आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

यंदा वर्गात 'श्यामची आई' घेईन, तेव्हा तात्पर्य फळ्यावर लिहिणार नाही. पहिली रात्र वाचीन आणि तिच्यापाठोपाठ शेवटच्या रात्री वाचीन. मुले रडली तर रडोत. वाचकांपैकी ज्यांच्या कपाटात बक्षिसाची कोरी प्रत असेल, त्यांनी या सुट्टीत ती काढावी. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्यांच्या खाटेजवळ बसून, दार उघडे ठेवून मुलांना ती मोठ्याने वाचायला सांगावी. पुस्तक कुठे चुकते आणि कुठे बरोबर येते, ते मुले आणि ती माणसे मिळून सांगतील.